शेवटचं पान आधी

मंडळी, देवाच्या दारात आज एक साधा प्रश्न टाकतो. माणूस दुसऱ्याला सल्ला का विचारतो? कळत नाही म्हणून? — हसू नका काकू! कालच सुनेला विचारलंत ना, "कोणती साडी नेसू?" आणि नेसलात ती मनातलीच! मग विचारायचं कशासाठी? ऐका तर.

पुण्यात एक मुलगी. ऋजुता पोतनीस. हुशार! कामाला कुठं? तर सल्ला देणाऱ्या कंपनीत. कन्सल्टिंग म्हणतात त्याला. म्हणजे काय, तर धंदा तुमचा, डोकेदुखी तुमची — आणि काय करावं ते सांगणार हे! आज सिमेंट, उद्या साबण, परवा इस्पितळ. सोमवारी उठून बॅग भरायची, कधी न पाहिलेल्या कारखान्यात जायचं, आणि मालकाला म्हणायचं, "तुमचं कुठं चुकतं, सांगू?" आपल्याकडे अशा माणसाला आगाऊ म्हणतात. तिकडं त्याला पगार देतात!

आणि मेहनत काय थोडी? माणसांना भेटा, आकडे गोळा करा, पडद्यावर दाखवायची पानं बनवा. पानावर चौकोन, चौकोनातून बाण! साहेब म्हणणार, "बाण जरा जाड कर." केला जाड. "बारीकच बरा होता गं!" केला बारीक. पण ऋजुताला हे काम मनापासून आवडायचं हो! रोज नवा धंदा, रोज नवी माणसं. आणि यंदा तर बढती दारात उभी. भडकमकर साहेब म्हणाले, "वेंगुर्ल्याचं काम पार पाड, की तू मॅनेजर!"

काम कुणाचं? सातार्डेकर बंधूंच्या काजूच्या कारखान्याचं. थोरले दत्ताराम, धाकटे उल्हास. वडिलांच्या माघारी दोघांनी मिळून वाढवलेला धंदा. तो एकत्र ठेवावा, की वाटणी करावी?

आता गंमत ऐका! पोरगी अजून पुण्यातच, आणि साहेब म्हणतात, "शेवटचं पान आधी करून टाक. 'वाटणी करा' असं लिही. थोरल्यांच्या मनात तेच आहे, फोनवर बोललेत." या लोकांची रीतच ती! उत्तर आधी, अभ्यास मागून. लग्न ठरवून मग पत्रिका जुळवतात, तसं! ऋजुतानं मुकाट्यानं पान केलं.

गेली वेंगुर्ल्याला. दत्तारामांनी तिला बाजूला घेतलं. "मॅडम, वाटणी होऊक व्हयी. उल्हास काजूक चॉकलेट फासता! माका बघवणा नाय. पण ह्या तुमी सांगायचा. माझा नाव येता कामा नये. भाव आसा तो माझो!"

संध्याकाळी उल्हास आला. तोही हळूच! "मॅडम, दादा माझ्या गिऱ्हाइकासमोर माझो काजू तोंडात घालता नि थुकता! वेगळा झालेला बरा. पण तुमीच सांगा हां. माका बोलूक जमाचा नाय. बापाच्या जागी आसा तो!"

बघा म्हणजे! हवं दोघांना एकच. जेवायला बसतात एका पंगतीला. आणि मधे बोलायला माणूस आणला पुण्याहून! ऋजुतानं साहेबांना कळवलं. साहेब खूश! "मग काय, सोपंच झालं. दाखव पान, घे बढती."

सोपंच होतं, मंडळी. पण त्याच दिवशी चहा देताना दत्तारामांची बायको बोलून गेली होती, "शेजारच्यांची वाटणी तिसऱ्यान केली, बाय. गणपती दोन झाले. भाव भावाच्या आरतीक जाणा नाय." ते काही पोरीच्या मनातून जाईना.

बैठकीचा दिवस उजाडला. साहेब स्वतः हजर — टाय लावून, वेंगुर्ल्याच्या उकाड्यात! दोघे भाऊ समोर, नजर जमिनीवर. पानांमागून पानं गेली. शेवटचं पान आलं. बोट बटणावर. एवढं दाबलं की मॅनेजर!

तिनं लॅपटॉप मिटला.

"हे पान मी इथं यायच्या आधीच केलं होतं," ती म्हणाली. "त्यावर काय आहे ते तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे, कारण दोघांनी मला तेच सांगितलंय. ते मी बोलणार नाही. तुमचं तुम्ही बोला."

साहेबांचा चेहरा — कारल्याचा रस प्यायल्यासारखा! मग दत्तारामांनी मान वर केली.

"तुका पण वेगळा होवचा होता?"

"होय, दादा."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुका वायट वाटात म्हणान!"

"अरे, मी पण त्याच्याच साठी गप ऱ्हवलंय!"

आणि मग जे जुंपलं! चॉकलेट निघालं, थुंकणं निघालं, शाळेतली फुटलेली पाटीसुद्धा निघाली. भांडले, रडले, आणि शेवटी पोट धरधरून हसले! एकमेकांशी असं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

मग वाटणी टळली? छे! झाली की! त्याच दिवशी ठरली, दोघांनी मिळून ठरवली. बाहेर आल्यावर साहेब कडाडले, "अगं, तेच तर पानावर होतं!"

"होतं, सर," ऋजुता म्हणाली. "पण ते आपण सांगितलं असतं, तर यांचे गणपती दोन झाले असते."

कारखाने दोन झाले, मंडळी. गणपती एकच राहिला! आरती थोरल्याची, नैवेद्याला धाकट्याचे चॉकलेटचे मोदक. दत्तारामांनी खाल्ला — डोळे मिटून, पण गिळला!

आणि बढती? हुकली. खोटं कशाला सांगू? वर्षभर राबलेली पोर, खूप रडली. पण काम सोडलं नाही. अजून बॅग भरते, अजून बाण काढते. शेवटचं पान मात्र कोरं घेऊन जाते. साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत!

तुम्ही हसलात त्या भावांना. पण मला एक सांगा, कीर्तनाच्या आधी माझ्या कानाशी कोण लागतं? "बुवा, आज आईबापांच्या सेवेवर बोला, आमचा धाकटा येणार आहे!" "बुवा, जावांच्या भांडणावर दोन शब्द घ्या हो, समोरच बसलीय ती!" अहो, मी काय कन्सल्टिंग कंपनी आहे? मनातलं तुमचं, माणूस तुमचा, आणि तोंड माझं वापरता?

नाही बोलणार मी! तो धाकटा आलाय. ती जाऊबाईही आलीय. आता टाळी वाजवा, विठ्ठलाचं नाव घ्या, आणि बुक्का लावायला माझ्याकडे येण्याआधी त्यांच्याकडे जा. मी थांबतो. देवही थांबतो.