अकरा मिनिटं गप्प

कोळी सहकारी संघाचे आणि आजच्या सभेचेही अध्यक्ष श्रीयुत विस्तीन शेरी, आपले धर्मगुरू दोम रेमीज, आजचे सत्कारमूर्ती आणि या बंदरावरच्या सगळ्या इंजिनांचे वैद्य स्पीरू, हा हॉल दिल्याबद्दल बँड क्लबची मंडळी, माझी वहिनी लोन्झा, आणि मागच्या रांगेत ओव्हनमधल्या गरम पस्तिझींच्या वासाने चुळबुळणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या दोघा वक्त्यांनी मिळून चाळीस घेतली आणि त्यातली तीस स्वतःबद्दल बोलण्यात घालवली. तेव्हा पाचाची दहा झाली तर कोणी घड्याळ दाखवू नये. मी पोस्टाच्या काउंटरवर चौतीस वर्षं उभी होते, घड्याळ मला कळतं.

स्पीरू येत्या गुरुवारच्या विमानाने मेलबर्नला मुलीकडे जात आहेत, कायमचे. बंदरावरची त्यांची शेड शनिवारीच बंद झाली. त्यांनी किती इंजिनं जिवंत केली ते इतरांनी सांगितलं. मी एकाच होडीचं बोलणार आहे.

होडी माझ्या भावाची, काल्चिदोनची. त्याच्या आजारपणात ती दोन वर्षं धक्क्याच्या उतारावर पडून होती. सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो गेला. मासेमारीचा परवाना होडीवर असतो हे तुम्हाला माहीतच आहे. एप्रिलच्या तपासणीत होडीने स्वतःच्या इंजिनावर बाहेरच्या बोयाला वळसा घालून परत यायचं, नाहीतर परवाना रद्द. आणि परवाना गेला की माझ्या वहिनीने खायचं काय, हा प्रश्न मत्स्य खात्याच्या कुठल्याही कागदावर छापलेला नव्हता.

अध्यक्षमहाराज, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी आजच्या मंगल प्रसंगी सांगणार नव्हते. पण तुम्ही आत्ताच हसलात, म्हणून सांगते. तुम्ही धक्क्यावर चार माणसांत म्हणालात, "लोन्झा, होडीत माती भर आणि फुलझाडं लाव. बाईमाणसाने का आता पिंजरे ओढायचे?"

वहिनी म्हणाली, "विस्तीनदादा, सव्वीस वर्षं पिंजरे मीच ओढत होते. ते सुकाणू धरून तुमच्याशी गप्पा मारायचे."

त्या दिवशी धक्क्यावरच्या बाकी सगळ्यांना एकाएकी जाळ्यांची कामं आठवली. एकटे स्पीरू होडीजवळ गेले. पिछाडीच्या ज्या फळीला इंजिन लटकतं, तिच्यात त्यांनी स्क्रूड्रायव्हर दाबला. तो मुठीपर्यंत गेला.

"ही कुजली," ते म्हणाले.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची नुसती वाळली आहे. वाळलेल्यावर उपाय असतो."

तो सबंध हिवाळा त्यांनी ती फळी बदलण्यात घातला. तळाच्या फटींत कापूस ठासला. इंजिन पंचवीस घोड्यांचं, वय बत्तीस. पाणी खेचणारी त्यातली रबरी पाकळी हातात घेताच बिस्किटासारखी तुटली. कार्बोरेटरमधून निघालेला चिकट गाळ त्यांनी मला बशीत घालून दाखवला, जणू मी तो चाखून बघणार होते.

रंगकाम माझ्याकडे होतं. घरात मयत झाली की होडीची मिशी, म्हणजे नाळेवरचा, पुढच्या टोकाचा पट्टा, काळी करायची ही आपली रीत. लोक नुसता पट्टा रंगवतात आणि मोकळे होतात. मला तसलं अर्धंमुर्धं चालत नाही. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, देवाला कोपरेही दिसतात. मी मिशी रंगवली, वल्ह्यांच्या कड्या रंगवल्या, पाणी उपसायचं डबडं रंगवलं, पेट्रोलच्या टाकीची कड रंगवली. सगळीकडे दोन हात. भावासाठी करायचं तर नीट करायचं. नाळेवर रंगवलेले होडीचे डोळे तेवढे निळे ठेवले.

एप्रिलमध्ये खात्याचे साहेब आले. दोरीच्या पहिल्याच ओढीला इंजिन पेटलं. होडी झोकात निघाली, बोयाजवळ पोचली, खोकली आणि बंद पडली. निघाल्यापासून अकरावं मिनिट होतं. वहिनीने वल्ही मारत होडी परत आणली. सगळा धक्का बघत होता. तिने एकदाही मान खाली घातली नाही.

अध्यक्षमहाराज, तेव्हाही तुम्हाला बोलल्याशिवाय राहवलं नाही. "जुदित्ताबाई, होडीला मिशी आहे, दम नाही."

साहेबांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. शेवटची.

पुढचे तीन आठवडे स्पीरू काय काय करत होते ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्लग बदलले. कार्बोरेटर पुन्हा उघडला. नळी बदलली. पिंपात इंजिन बुडवून पाच मिनिटं चालवलं की घड्याळासारखं चालायचं. समुद्रात नेलं की अकराव्या मिनिटाला मुकाट. आणि एक गोष्ट मी हेरली. बंद पडलेल्या होडीची टाकी उघडून मी व्हिक्टोरिया शहरातल्या पंपावरून डब्यात आणलेलं पेट्रोल ओतलं की इंजिन लगेच चालू. यावरून शहाण्या माणसाने काय समजायचं? संघाच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाणी आहे, असंच ना? थोड्या वेळाने ते पुन्हा बंद पडायचं, तेव्हा मी म्हणायची, तळाशी अजून संघाचं उरलं असेल.

स्पीरू म्हणाले, "पेट्रोल ठीक आहे."

"मग काय ठीक नाही?"

"माहीत नाही. माहीत नाही म्हणायची मला लाज वाटत नाही, बाई. तुम्हीही एकदा म्हणून बघा."

मी म्हटलं नाही. मी पत्रं लिहिली. एक संघाला, एक खात्याला, एक वर्तमानपत्राला. तिसरं छापून आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. निम्म्या होड्या दोन वर्षं व्हिक्टोरियाहून डबे वाहत होत्या. संघाने टाकी उपसून धुतली, तळाला चमचाभर पाणी निघालं नाही, तरी कोणाचा विश्वास बसला नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत श्रीयुत विस्तीन शेरी अध्यक्षपदावरून पडले, ते गेल्या वर्षी कुठे पुन्हा निवडून आले.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी वहिनी घरी पिंजऱ्यांना नवे वेत बांधत होती. परवाना राहील की जाईल ठाऊक नसताना. स्पीरू दारात आले. "जुदित्ताबाई, चला. सुकाणू तुम्ही धरा. मला हात मोकळे हवेत, आणि कानही. अकरा मिनिटं गप्प बसता येईल?"

"आमच्या सिस्टर आठ-आठ दिवस मौन पाळायला लावायच्या."

"तुम्ही पाळायचात?"

मी उत्तर दिलं नाही. म्हणजे तिथूनच सुरुवात केली.

आम्ही निघालो. स्पीरूंनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. गुडघ्यांवर हात ठेवून ते टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीकडे बघत बसले. नळीच्या मध्यावर रबरी फुगा असतो, दाबून पेट्रोल चढवायचा. नवव्या मिनिटाला तो फुगा आत ओढला जाऊ लागला. दहाव्याला वाळक्या अंजिरासारखा चपटा झाला. इंजिन खोकलं. स्पीरूंनी इंजिनाला बोटही लावलं नाही. टाकीचं झाकण अर्धा फेरा सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली, फुगा गोल झाला आणि इंजिनाने सूर धरला.

त्यांनी झाकण काढलं, उन्हात धरलं. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी, म्हणून झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. व्हिक्टोरियाचं पेट्रोल ओतायला मी झाकण उघडायची, तेव्हा हीच हवा आत जायची. झाकण काळंभोर होतं. चकचकीत. दोन हात.

"रंग छान बसलाय," स्पीरू म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी माझ्या शालीची पिन मागितली आणि भोक मोकळं केलं.

वहिनी, अशा बघू नका. घरी गेल्यावर बोला.

दुसऱ्या दिवशी होडी बोयाला वळसा घालून चोवीस मिनिटांत परत आली. साहेबांनी शिक्का मारला. वहिनी आज सहा वर्षं त्या परवान्यावर जगते आहे आणि कोणाच्या एका पैशाची मिंधी नाही. धक्क्यावर लोकांनी विचारलं, "काय झालं होतं हो?" स्पीरू म्हणाले, "बारीकसं काहीतरी अडकलं होतं." त्यात खोटं काही नव्हतं. खोटं मी बोलले. मी म्हटलं, "पाणीच असणार. संघाचं." पहिली तीन पत्रं मी माहीत नसताना लिहिली होती. हे मी माहीत असून बोलले. स्पीरूंनी माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि पुढच्या होडीकडे गेले.

मागच्या आठवड्यात शेडमध्ये जाऊन मी त्यांना विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"मी इंजिनं दुरुस्त करतो, बाई," ते म्हणाले. "बाकीचं तुमच्याकडे."

गुरुवारी हे गृहस्थ जगाच्या दुसऱ्या टोकाला जातील. मग ही गोष्ट जाणणारं या बेटावर माझ्याशिवाय कोणी उरणार नाही. मी निर्धास्त राहू शकले असते. ते विमानात बसण्याआधी, त्यांच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत हे सांगायचं म्हणून मी आज पाच मिनिटं मागून घेतली.

तर अध्यक्षमहाराज, तुमच्या पेट्रोलमध्ये पाणी नव्हतं. कधीच नव्हतं. मी सपशेल माफी मागते. वर्तमानपत्राला चौथं पत्र आज सकाळीच टाकलं आहे. टाकलेलं पत्र पेटीतून परत मिळत नाही, हा नियम मी स्वतः चौतीस वर्षं लोकांना ऐकवला आहे. फुलझाडांबद्दल आणि मिशीबद्दल तुम्ही जे बोललात, त्याची माफी मात्र तुम्ही माझ्या वहिनीकडे मागायची आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. खाली उतरायला दोनच पायऱ्या आहेत.

संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. स्पीरू, तुमचे आभार मानायला पाच मिनिटं पुरत नाहीत, दहाही पुरली नाहीत. भाषणात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला म्हणायची पद्धत आहे. भाषणातलं राहू द्या. स्पीरूंनी मला अकरा मिनिटं गप्प बसायला सांगितलं होतं आणि मी सहा वर्षं बसले, तेवढं पोटात घाला.