आजीचा जेथ्रोमामा

…आणि वर मलाच विचारतात, कॉलेज का सोडलंस! अहो, का म्हणजे? मास्तरांनी विषयच असा दिला : हिल्डा क्रॅबट्री यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांवर ऑगस्टस पेंबरी यांचा प्रभाव. आता हिल्डा क्रॅबट्री म्हणजे माझी सख्खी आजी, आणि पेंबरी म्हणजे कधीचा मेलेला एक दाढीवाला कादंबरीकार, ज्याच्या नावानं आमच्या लँकशायरच्या गावात एक चौक, एक पब आणि रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ चालतं. मी म्हटलं, सर, आजी म्हणते तिनं त्याचं पानसुद्धा उघडलेलं नाही. तर म्हणतात, "लेखक असंच म्हणतात, बाळ." बाळ! त्याच दिवशी गाशा गुंडाळला. प्रभाव म्हणे, प्रभाव!

आणि ते मंडळ! तुम्हाला सांगतो, दरवर्षी चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, कोमट चहा, जॅमचा केक, लोणच्याच्या बाटलीची सोडत, आणि मग अध्यक्ष ग्रिम्शॉ घसा खाकरून सांगणार, हिल्डाबाईंनी पेंबरींचं काय काय उचललं. आणि हिल्डाबाई कुठं? पहिल्या रांगेत! पाहुण्या म्हणून! चोराला मानानं बसवायचं, केक भरवायचा आणि मग चोरी वाचून दाखवायची… ही ह्यांची सभ्यता!

तर यंदा ग्रिम्शॉनं आधी आजीच्या पहिल्या कादंबरीतलं पान वाचलं. एक मामा बदकाला टोपी घालून भाचीच्या लग्नाला चर्चमध्ये नेतो, ते. मग पेंबरीचं वाचलं. तेच बदक, तीच टोपी, फक्त मामाचं नाव जेथ्रो. झालं! आजी काठी आपटत उभी!

"थांबा हो! हा आमचा जेथ्रोमामा! माझ्या आईचा भाऊ! आमच्या घरातलं ह्या दाढीवाल्याला कुणी सांगितलं?"

हॉल खदाखदा हसला. ग्रिम्शॉ म्हणाला, "हिल्डाबाई, पेंबरी वारले तेव्हा तुमच्या मातोश्री पाळण्यात होत्या."

आजी उभीच. तिची आई अनाथाश्रमात वाढलेली, पुढं वाचनालयाच्या फरश्या पुसायची, आणि पुसता पुसता तिथलीच पुस्तकं वाचायची. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, आणि इस्त्री करता करता पोरांना माहेरच्या गोष्टी… जेथ्रोमामा असा, डॉर्कसमावशी तशी, ताटातूट झाली हो, नाहीतर दर नाताळला आले असते! आजीनं आपली माणसं म्हणून लिहिलं सगळं.

"म्हणजे…" आजी हळूच म्हणाली, "आईला कुणीच नव्हतं?"

ग्रिम्शॉचा मुद्दा जन्मात पहिल्यांदा पक्का सिद्ध झाला, आणि बिचारा कागद मिटून तिच्या शेजारी येऊन बसला. चहा ओतून दिला. गरम! मला त्या माणसाचा इतका राग आहे, पण तेवढं एक… जाऊ दे. प्रभाव म्हणे!

घरी येताना आजी म्हणते, "डॉर्कसमावशीपण असेल का रे त्यात?"

"असेल."

"मग आण. सगळेच आण."

तिचे डोळे गेलेले, म्हणजे वाचणार कोण? मी! ज्याच्यापायी कॉलेज सोडलं, तो पेंबरी आता दर रविवारी मोठ्यानं! आणि आजी ऐकते कशी? माहेरची माणसं भेटायला आल्यासारखी. वर चुका काढते. "टोपी निळी होती. आई निळी सांगायची." आजी, इथं रंगच नाही! "मग राहिला असेल त्याचा. तू वाच निळी."

एका रविवारी काय झालं, पेंबरीनं जेथ्रोला मारला. खाणीत. मी थांबलो. आजी म्हणाली, "छे! आईनं नाही कधी मारला. पुढं वाच."

पुढं? पुढं पुस्तकच संपलं हो! कोऱ्या पानाकडं बघत बसलो… आणि वाचायला लागलो. जेथ्रो खाणीतून वर आला, अंग झटकलं, बहिणीचा पत्ता विचारत निघाला… आजी हसत होती. आता दर रविवारी त्याला थोडं थोडं पुढं चालवावं लागतंय.

ह्यात कुणाचा कुणावर प्रभाव, ते ग्रिम्शॉला विचारा. मला उद्यापर्यंत जेथ्रोला अनाथाश्रमाच्या दारात पोचवायचंय.