खाडीकडचा निळा तुकडा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा गावाचा नकाशा मी रंगवला, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यातला एक तुकडा सगळ्यांत वेगळा का, ते सांगते.

शाळेतल्या सरांनी नकाशावर घरं आणि लोकसंख्या लिहून दिली होती. मी फक्त रंग भरायचे, शेती हिरवी आणि खाडी निळी. बांध फुटल्यापासून खाडीकडच्या शेतांत खारं पाणीच आहे, म्हणून मी तिथे निळा रंग लावायला घेतला.

"काय गो, माझ्या शेतात पाणी सोडतेस?" मागून जनूकाका म्हणाले.

मी घाबरले. "काका, पाणी आहेच ना तिथं. झाडंपण खाडीचीच उगवलीत."

"हाय ना. पण सात-बारावर अजून भात हाय. वर माणसांत मला मोजलंत, मग माझं शेत का नाय?"

मी ब्रश खाली ठेवला. काका हळू आवाजात म्हणाले, "बांध बघायला येतात ते पेणचे साहेब चिखलात उतरत नायत गो. हितंच नकाशापुढं उभे राहून बघतील. निळं दिसलं तर म्हणतील, हितं खाडीच हाय, बांध कशाला बांधायचा?"

मी निळ्यावर हिरवा रंग दिला आणि तो वाळल्यावर निळ्या आडव्या रेघा मारल्या.

संध्याकाळी सर आले. "हे काय? अशी खूण भूगोलाच्या पुस्तकात नाही."

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "पुस्तकाच्या शेजारी खाडी नाय, सर."