भाव काढायला गेलेला जावई

...न्हाई पण मला एक सांगा, जुन्या नाण्याचा भाव काढायला तीन माणसं कशाला लागतात? नाणं रुसत न्हाई, त्याला बसमधी खिडकीची जागा लागत न्हाई. खिशात टाकलं, दाखवलं, इचारलं, घरी आलं. एका माणसाचं काम हाय. पण आमचा शिवकुमार... तुम्हाला सांगतो, लातूरला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, सकाळी शटर वर, दुपारी डबा, कुणाच्या अध्यात न मध्यात. एकच गोष्ट केली गड्यानं, उदगीरची बायको केली. बायको सृष्टी, गुणाची हाय, तिच्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. सासरा मडिवाळप्पा, एकटा घेतला तर तोबी बरा. पण सासऱ्याला एक धाकटा भाऊ हाय. माणिकप्पा. तिथंच सगळं बिघडलं.

दोघांचं उदगीरला मिळून एक किराणा दुकान होतं. अकरा वर्षांमागं वाटणी झाली, दुकानाच्या मधून विटांची भिंत आली, आन त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत. अलीकडं मडिवाळप्पा साखर जोखायलाय, पलीकडं माणिकप्पा साखर जोखायलाय, एकाला दुसऱ्याचा खोकला ऐकू येतो, पण शब्द न्हाई. पोती वाटली, बरण्या वाटल्या, देवाचे फोटो सुद्धा मोजून वाटले. वाटायची राहिली एक डबी. लक्ष्मीपूजनाची. त्यात बापानं ठेवलेले निजामाच्या वेळचे चांदीचे रुपये, चारमिनार छापाचे, एकोणीस. आता एकोणिसाचे दोन वाटे कसे पडणार? म्हणून एक दिवाळी डबी अलीकडं, एक दिवाळी पलीकडं. दुकानं चिकटून, पण एकानं दुसऱ्याच्या पायरीवर पाय ठेवायचा न्हाई. आन मधी कोण? शिवकुमार. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला ह्या पायरीवरून उतरायचं, त्या पायरीवर चढायचं, हातात डबी. जावयाचा मान म्हणतात तो ह्यो.

यंदा चांदी भडकली. आन माणिकप्पानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. एक माणूस मोटारीला टेकून उभा, डोळ्याला काळा चष्मा, म्हणतो, "घरातलं जुनं नाणं विका आन लखपती व्हा." झालं. माणिकप्पाचा शिवकुमारला फोन, "जावई, तुमच्या सासऱ्याला सांगा, रुपये विकायचे, निम्मे पैसे मला पाहिजेत." शिवकुमारनं सासऱ्याला फोन लावला. मडिवाळप्पा म्हणाले, "त्याला सांगा, विकतो. पण भाव मी स्वतः कानानं ऐकणार. त्याच्यावर माझा इश्वास न्हाई." हे शिवकुमारनं पलीकडं सांगितलं. पलीकडून उत्तर, "त्यांला सांगा, मीबी येणार. माझाबी न्हाई." एका भिंतीच्या दोन बाजूंची दोन माणसं, आन निरोप लातूरवरून फिरायलाय.

त्यात अजून एक भानगड. पुढच्या आठवड्यात माणिकप्पाचा हळू आवाजात फोन, "जावई, कुणाला बोलू नका, त्या चष्मेवाल्याला मी फोन केला होता. म्हणला एका नाण्याचे सात लाख, आधी नोंदणीचे एकवीसशे टाका. मी टाकले. आता फोन उचलत न्हाई. तुमच्या सासऱ्याला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई." शिवकुमार म्हणाला, न्हाई सांगत काका. तिसऱ्या दिवशी सासऱ्याचा फोन. आवाज हळू. "जावई, एक इचारायचं होतं. ते नोंदणीचे एकवीसशे... परत मिळतात का वो?" तोच चष्मा, तीच मोटार, तेवढेच एकवीसशे. आन वर, "माणिकप्पाला कळू देऊ नका, जन्मभर हसंल." दोघांचं गुपित एकाच पोटात. पोट कुणाचं? इचारू नका.

मग ठरलं, खऱ्या माणसाला दाखवू. पहिलं लातूरचा सराफ. डबी एका भावानं आणावी तर दुसऱ्याला वाटणार, वाटेत एखादा काढून घेतला. म्हणून शिवकुमार दुकान बंद करून लातूरहून उदगीरला गेला आन तीच डबी मांडीवर घेऊन उदगीरहून लातूरला आला. मडिवाळप्पा पहिल्या सीटवर, माणिकप्पा शेवटच्या. आन मधी कोण? शिवकुमार. कंडक्टरनं इचारलं तिकिटं कुणाची, तर पुढून "जावई काढतील", मागून "जावई काढतील".

सराफानं रुपये काट्यावर ठेवले, एक घासून पाहिला, म्हणाला, "चांदी शुद्ध न्हाई, बट्टा कापावा लागंल. नगाला तेराशे देतो."

मडिवाळप्पा भावाकडं न बघता म्हणाले, "जावई, त्याला सांगा, ह्ये तर मोडीचा भाव सांगायलेत. इथं विकायचं न्हाई."

माणिकप्पा हातभर अंतरावर उभा. "जावई, त्यांला सांगा, मला ऐकू येतंय."

"मामा, काका म्हणतात त्यांना ऐकू येतंय."

"मग त्याला सांगा, ऐकू येतंय तर डोकं बी चालवावं."

सराफानं काटा बाजूला सरकवला. म्हणाला, "आधी कोण कुणाशी बोलायलंय ते ठरवा, मग या." शिवकुमारला इतकी लाज वाटली, सांगतो तुम्हाला, त्या सराफाच्या घरची पाण्याची मोटार त्यानंच बांधून दिली होती. आता पुढची मोटार येते का बघा.

पुढं एका गिऱ्हाइकानं नाव सांगितलं, नांदेडचे सुगत सर. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, चाळीस वर्षं नाणी जमवायलेत, घेत बी असतात, भाव बी खरा सांगतात. पुन्हा दुकान बंद, पुन्हा उदगीर, पुन्हा डबी, मुखेडवरून नांदेड, पुन्हा पुढं एक, मागं एक. आन मधी कोण? शिवकुमार, आन आता त्याची कंबर बी दुखायली होती.

सर भला माणूस. चहा पाजला. म्हणाले, "विकायच्या आधी भाव विचारायला आलात, बरं केलंत. बहुतेक लोक विकून झाल्यावर येतात." मग भिंग काढलं, टेबलावर मऊ फडकं अंथरलं, एकेक रुपया कडेनं धरून बघायला लागले. साल उर्दू आकड्यात असतं, ते वहीत उतरवायचे, वजन करायचे, बाजूला ठेवायचे. म्हणाले, चांदीचा भाव वेगळा, नाण्याचा वेगळा. साल कोणतं, तसले किती उरलेत, झिजलंय किती, त्यावर असतं. दोघं भाऊ दोन बाजूनं वाकून बघायले. चौदाव्या रुपयावर सर थांबले. परत भिंग लावलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. दोघा भावांचे श्वास थांबले, शिवकुमारला दोन्ही कानांत ऐकू आलं.

सरांनी इचारलं, "हे धुतलेत का?"

मडिवाळप्पा ताठ झाले. अभिमानानं म्हणाले, "दर दिवाळीला. चिंच लावून. वडलांपासून चालत आलंय."

माणिकप्पा म्हणाला, "माझ्याकडच्या साली मी राखबी लावतो. लख्ख निघतात."

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग तो रुपया असा ठेवला, जसं झोपलेल्या लेकराला ठेवतात. म्हणाले, "ह्या सालाचा रुपया मी तीस वर्षं शोधतोय. न धुतलेला असता तर मीच पंचवीस हजार मोजले असते. आता याच्यावरची अक्षरं गेली, मिनार बोथट झाले. ह्याचे तीन हजार. बाकीचे अठरा, सराफापेक्षा चार-पाचशे जास्त मिळतील नगाला."

आन मग, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांनी पहिल्यांदा, मडिवाळप्पानं मान वळवून भावाकडं सरळ बघितलं.

"तम्मा, राख लावलीस तू?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. लहानपणी तसंच हाक मारायचे. माणिकप्पा बी भान हरपून म्हणाला, "अण्णा, चिंच कुणी लावली? तू तर रात्रभर भिजत घालायचास."

"चिंचेनं मिनार बोथट होत न्हाईत. राखेनं होतात."

"तुला काय माहीत? तू कधी इतिहास शिकलास?"

"तुला अक्कल असती तर त्या मोबाईलवाल्याच्या नादी लागून हे सगळं सुरू केलं नसतंस. पैसे बी दिले असशील त्याला, तू देणारच."

"मी देणार? देणारा तू..."

शिवकुमारचं डोकं फुटायला आलं होतं. दोन दिवस दुकान बंद, कंबर दुखायलेली, सरांसमोर मान खाली. त्याच्या तोंडून निघून गेलं, "दोघांनी बी दिलेत. एकवीसशे, एकवीसशे. त्याच माणसाला."

सरांनी चहाचे कप गोळा केले आन आत गेले. शहाणा माणूस.

शिवकुमारला वाटलं, आता दोघं हसतील. निदान एकमेकांकडं बघून लाजतील. तुम्हालाबी तसंच वाटलं असंल. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आन मग दोघांनी मिळून शिवकुमारकडं बघितलं.

मडिवाळप्पा म्हणाले, "म्हणजे तुम्हाला दोघांचंबी ठाव होतं."

माणिकप्पा म्हणाला, "आन तोंड मिटून बसले. अण्णा, माझे गेले हे तुला आधी सांगितलं असतं तर तू टाकले असतेस का?"

"न्हाईच टाकले असते, तम्मा."

उदगीरच्या बसमधी दोघं एका सीटवर बसले, डबी दोघांच्या मधी. चिंच का राख, अजून चालूच होतं, पण एकाच सीटवर. "येतो" म्हणून कुणी मागं वळलं न्हाई. शिवकुमार नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या बसची वाट बघत उभा.

रुपये त्यांनी विकले न्हाईत. भिंतीत आता खिडकीएवढं भोक पाडलंय, त्यातून दोघांचा चहा इकडून तिकडं जातो. शिवकुमारला मात्र "कपटी माणूस" म्हणतात. परवा सृष्टीला घेऊन उदगीरला गेला होता. सासरा समोर, काका शेजारी. मडिवाळप्पा लेकीला म्हणाले, "पोरी, त्यांला इचार, चहात साखर किती टाकायची."

शिवकुमारनं सासऱ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं. मग तोबी सृष्टीकडं वळला. म्हणाला, "सांग त्यांना, दोन चमचे."

आन मधी कोण? आता माझी मावसबहीण सृष्टी. काल तिचा मला फोन आला होता, म्हणली दादा, जरा त्या तिघांशी बोलून बघ की.