तिकीट त्याचं, नळ आमचा

आम्ही मूळचे रामटेककडले, घरी धानाची शेती, खानदानात वकील कोणी नव्हता. आमचा बाप मात्र धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात असा बोलायचा की समोरचा भांडण सोडून ऐकतच राहायचा, वकिली मी तिथंच शिकलो समजा, कॉलेजात नुसती डिग्री भेटली. मग शहराच्या कडेले, हुडकेश्वरले आलो. काय सांगू तुम्हाला, तेव्हा इथं नुसते लेआउट पडून राहिले होते, रस्ता नाही, पाणी नाही, एकच प्लॉट दोघांले विकलेला. दोन्ही मालक भांडत माझ्या पडवीत यायचे, मी दोघांवरही ओरडायचो, चहा पाजायचो आणि कोर्टाच्या बाहेरच तोड काढून द्यायचो. तापट म्हणून नाव झालं, तरी लोक येत राहिले, त्यांनीच मले मोठं केलं, हे मी विसरत नाही.

पुढं पक्षात गेलो, सतरंज्या उचलल्या, नगरसेवकाचं तिकीट वकीलसाहेबांचंच असं सगळे म्हणत, आणि ऐन वेळी दिलं कोणाले, तर माझ्याच ज्युनिअरले, संजयले, ज्याले तारीख कशी मागायची तेही मी शिकवलं! मी अपक्ष अर्ज भरला. मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी संजय घरी आला, पाया पडला. सर, तुम्ही उभे राहिले तर दोघंही पडतो. मी म्हटलं, मंग पडू ना गा सोबतच, काहून घाबरून राहिला? तो म्हणे, तुम्हाला पालिकेतली कोणती समिती पाहिजे ते सांगा. मले आणखीनच राग आला. पण सौदा करताना राग बाजूला ठेवा लागते. आमच्या बाया अजून टँकरमागं धावत होत्या. म्हटलं, समिती ठेव तुझ्याजवळ, आधी इथं नळाची लाइन, तुझ्या घरासमोरचा रस्ता नंतर, आणि हे मले नको सांगू, चौकात बायांसमोर बोल. तो बोलला. एक म्हातारी त्याले म्हणे, पलटला तर याच चौकात डोक्यावर हंडा देऊन उभा करीन गा तुले. मी जाऊन अर्ज मागं घेतला.

तो निवडून आला, लाइनही आली, खोटं काहून बोलू. पण उद्घाटनाच्या भाषणात त्यानं माझं नाव घेतलं नाही, मी समोर बसलो असून! हे मरेपर्यंत विसरणार नाही, लिहून घ्या. आता केस पिकले, कोर्टात कमी जातो. सकाळी चहा घेता घेता त्याले दोन शिव्या द्याव्या म्हणून बसतो, तर तेवढ्यात नळ येते आणि बायको आतून ओरडते, अहो, नंतर चिडा, आधी ड्रम लावा. मंग काय, पाइप धरून उभा राहतो, बाजूच्या घरातूनही पाणी पडल्याचा आवाज येते, आणि शिवी राहूनच जाते. बहुत दिलं बाप्पा देवानं.