आमचा वारा अडणार!

मी इमारतींवरचा वाऱ्याचा जोर मोजते, झुळूक नाही. पण हे आमच्या खराडीच्या सोसायटीला कोण सांगणार? समोर टॉवर येणार कळल्यावर, रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसणारे सेक्रेटरी काका हादरले. "अहो, आमचा वारा अडणार! तुम्हीच तपासा."

मी दोन्ही इमारतींची छोटी मॉडेल्स करून लॅबमध्ये त्यांच्यावर वारा सोडला. मग मीटिंगमध्ये सांगितलं, "वारा अडणार नाही. उलट दोन इमारतींच्या मधून जोरात घुसेल. इमारतींना धोका नाही, पण गॅलरीत बसता येणार नाही."

बिल्डरचा माणूस खूश. "बघा काका, वारा मिळणारच!"

काका त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "अहो, आम्ही नळाला पाणी मागत होतो. तुम्ही खडकवासल्याचे दरवाजेच उघडताय."