सोंग उतरवायचं राहिलं

शांतवन : खरं सांगतो नाथा, ते वाक्य मी लिहिणारच नव्हतो. ‘त्याला मरून चार दिवस झालेत.’ कागद टाइपरायटरमध्ये होता आणि मी उठून पाणी प्यायला गेलो होतो. वाटलं, जाऊ दे, नुसतं ‘मेला’ म्हटलं तरी नाटक चालतंय.

कानिफनाथ : मग का लिवलंस?

शांतवन : मिशनच्या हॅडलीबाई म्हणाल्या, शास्त्रात आहे ते का गाळतोस. आहेच शास्त्रात. लाजर चार दिवस थडग्यात होता आणि येशूनं हाक मारून त्याला उठवलं. मग लिहिलं.

कानिफनाथ : आन म्या येशू. म्या ते दोनदा म्हनलं. घोडेगावचा बाजारतळ भरल्याला. जनावरं समदी इकून गेली, मानसंच मानसं. मागच्यास्नी ऐकू जावं म्हनून पोटातनं आवाज काढला. चार दिस! चार दिस!

शांतवन : चांगुणाबाईनं तेवढंच धरून ठेवलं.

कानिफनाथ : हाय का अजून तितंच?

शांतवन : फाटकाजवळ, लिंबाखाली. पोरगी मांडीवर घेऊन. काल पहाटे गेली पोरगी, तेव्हापासून. मी म्हणालो, चांगुणाबाई, माती द्यायला पाहिजे. तर मला म्हणते, आजचा दुसरा दिस, अजून दोन.

कानिफनाथ : आन ह्ये असलं ऊन.

शांतवन : पदरानं माशा वारत बसलीय. तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या बाया लांब उभ्या आहेत. जवळ कुणी जात नाही. पोलीसपाटील सांगून गेला, दिवस मावळायच्या आत माती द्या, नाहीतर मी माणसं आणून पोरगी काढून घेतो.

कानिफनाथ : तिच्या हातातनं?

शांतवन : हातातनं.

कानिफनाथ : म्या तिला त्या दिशीच सांगितलं हुतं रं. खेळ सुटला, झगा अंगावंच हुता, आन ही आली पोरीला घिऊन. पोरीला उलट्या, डोळं आत गेल्यालं. म्या म्हनलं, बाई, माझ्याकडं नगं आनू, दवाखान्याची जीप हुबी हाय, तीत घाल. तर हसली. म्हनली, देव परीक्षा बघतोय. आन पोरीचं डोस्कं माझ्या पायावं टेकवलं आन गेली घरी.

शांतवन : झगा काढून सांगायचंस ना.

कानिफनाथ : काढून काय हुतंय? सोंग नुसतं काढत न्हाईत मास्तर. किती बार सांगू तुला? आमच्याकडं देवीचं सोंग घेतलं की त्यो गडी म्हंजी देवीच. बाया पोरं आनून पायावं घालत्यात. खेळ संपला की बघनाऱ्यांच्या म्होरंच नारळ फोडायचा, सोंग उतरवायचं, आन बघनाऱ्यातल्याच कुनी तरी त्याचं नाव घिऊन म्हनायचं, अमक्या, घरी चल. तवा त्यो पुन्यांदा मानूस. न्हाई म्हनलं तर देव अंगावंच ऱ्हातो.

शांतवन : तू बाईंना विचारलं होतंस.

कानिफनाथ : पयल्याच दिशी इचारलं. बाईंनी आमची ढोलकी घेतली, तुनतुनं घेतलं, गनाच्या जागी तुमची प्रार्थना घातली. समदं घेतलं. उतरवायचं तेवढं नगं म्हनल्या.

शांतवन : मूर्तिपूजा म्हणाल्या. आणि मीच तुला समजावत बसलो, की नाथा, आमच्यात हे चालत नाही.

कानिफनाथ : म्हंजी चांगुणाच्या लेखी म्या अजून त्योच. बिडी वढतो, भाकरीसंगं मिरची खातो, पर त्योच. तमाशात साऱ्या जल्मात म्या मावशी केली, लुगडं नेसून कंबर हालवली. दुस्काळानं फड मोडला, तर मिशननं उचलून एकदम देव केलं. एवढी बढती कलेक्टराला बी न्हाई गावत.

शांतवन : हसू नको रे.

कानिफनाथ : हसलो न्हाई तर बोंबलीन, मास्तर.

शांतवन : गप. बाई येतायत.

हॅडलीबाई : शांतवन, मी तिच्याजवळ बसून आले. माझ्याच्याने होत नाही.

शांतवन : काय म्हणाली?

हॅडलीबाई : मी तिला म्हणाले, चांगुणाबाई, ते नाटक होते. तेव्हा तिने मला विचारले, म्हणजे खोटं होतं का? आता मी काय उत्तर देऊ? इतकी वर्षे मी या जिल्ह्यात ते खरे आहे असे सांगत हिंडले. खोटे मी म्हणू शकत नाही. आणि खरे म्हणाले, तर ती विचारते, मग माझीच का नाही?

कानिफनाथ : मग काय म्हनलात?

हॅडलीबाई : मी तिला पाणी दिले.

कानिफनाथ : बाई, एक करू द्या. म्या पुन्यांदा झगा घालतो, तिच्या म्होरं जातो, आन सोंग उतरवतो. रीतीनं. नारळ फोडून.

हॅडलीबाई : इथे? उपासनामंदिराच्या आवारात?

कानिफनाथ : फाटकाच्या भायेर बसलीय ती. भायेरच करू.

हॅडलीबाई : नारळ कोणापुढे फोडणार?

कानिफनाथ : माझ्या म्होरं. त्यो जावा म्हनून.

हॅडलीबाई : कानिफनाथ, तू काय बोलतो आहेस ते तुला कळते का? ज्याला बोलवण्यासाठी मी माझा देश सोडून आले, त्याला तू माझ्यासमोर जा म्हणणार?

कानिफनाथ : तुमच्या येशूला न्हाई वो. त्यो आसंल तितं बरा आसंल. माझ्या अंगावं तुमी जे बशीवलंय ना, त्याला म्हनतोय. ते तुमी बशीवलं, आन जेवायला गेलात.

शांतवन : नाथा!

हॅडलीबाई : बोलू दे त्याला.

शांतवन : बाई, पाटील संध्याकाळी येणार. त्यानं जर पोरगी ओढून काढली, तर तिला वाटेल दोन दिवस आधी आपणच नेली. जन्मभर वाटेल.

हॅडलीबाई : झगा धुऊन माझ्या खोलीमागे वाळत घातला आहे. घेऊन जा.

शांतवन : तुम्ही आत बसा. तुम्हाला बघायला नको.

हॅडलीबाई : नाही. त्या दिवशी मी जेवायला गेले होते. आज उभी राहीन.

शांतवन : मी लालमहंमदच्या दुकानातनं नारळ आणतो. आणि नाथा, तुला नावानं हाक कोण मारणार?

कानिफनाथ : ज्याला म्या देव वाटतो त्यानं. तीच मारंल. तिनंच माराय पायजे.

(फाटकाबाहेर, लिंबाखाली. कानिफनाथच्या अंगावर पांढरा झगा. येताना त्यानं ठरवलं होतं की पोरीच्या तोंडाकडं बघायचं नाही. तरी त्याची नजर तिथंच गेली.)

चांगुणा : आलास? म्या ह्या बायांना म्हनलं हुतं, यील. पर लवकर आलास रं देवा. अजून दोन दिस हायती.

कानिफनाथ : चांगुणाबाई, म्या तिला उठवाया न्हाई आलो. सोंग उतरवाया आलोय.

चांगुणा : आत्ता? न्हाई. न्हाई न्हाई. आरं, परवापतुर ऱ्हाऊ दी की. जड हुतंय व्हय तुला? म्या दुसरं काय मागत न्हाई. पाऊस नगं मला, काम नगं. परवापतुर अंगावं ठिव.

कानिफनाथ : ठिवून बी काय व्हायाचं न्हाई.

चांगुणा : त्या बाप्याला उठवलंस! साऱ्या बाजारादेखत. पट्ट्या बांधल्याला, थडग्यातनं चालत आला. म्या म्होरंच बसले हुते.

शांतवन : चांगुणाबाई, तो मी होतो.

चांगुणा : तू? टायपिंगवाला?

शांतवन : हो, मी. मेलो नव्हतो मी. पट्ट्या दवाखान्यातल्या होत्या. गोणपाटामागं पडून होतो, डास फोडून काढत होते. ह्यानं हाक मारली की मी उठायचं, असं आमचं ठरलं होतं.

चांगुणा : ठरल्यालं हुतं?

शांतवन : हो.

चांगुणा : मग हिचं बी ठरवा की रं.

कानिफनाथ : बाई...

चांगुणा : न्हाई, तुमीच ठरवता न्हवं? मग हिचं बी ठरवा. बायडा म्हनून हाक मारा. ऐकती ती. एका हाकंत उठती, आळशी न्हाई माझी पोर.

हॅडलीबाई : चांगुणाबाई, मला क्षमा करा...

चांगुणा : तुमी नगा बोलू, बाई. तुमी पानी दिलंत, बास झालं.

कानिफनाथ : मास्तर, फोड नारळ.

शांतवन : फुटला.

कानिफनाथ : ह्यो घे झगा. हातात धर, खाली नगं टाकू. ह्यो कमरंचा पट्टा. बघ बाई, आत माझी बंडी हाय, फाटल्याली. दाढी माझीच हाय, ती काय निघायची न्हाई. आता माझं नाव घे. म्हन, कानिफनाथ, घरी चल.

चांगुणा : न्हाई घेनार.

कानिफनाथ : तू घेतल्याबिगर म्या सुटत न्हाई.

चांगुणा : म्या नाव घेतलं की माझी पोर मेली.

कानिफनाथ : ती काल मेली, चांगुणाबाई.

चांगुणा : गप!

कानिफनाथ : काल पहाटंच. तुझ्याच मांडीवं. तुला बी ठावं हाय.

चांगुणा : ... मग त्यो कुटं गेला? तुझ्या अंगावं हुता त्यो?

कानिफनाथ : न्हाई म्हाईत. आमाला घ्यायचं आन उतरवायचं एवढंच शिकवल्यालं.

चांगुणा : नाव काय म्हनलास तुझं?

कानिफनाथ : कानिफनाथ.

चांगुणा : कुटला रं?

कानिफनाथ : पाथर्डीकडचा. फडात मावशी करायचो.

चांगुणा : आई हाय?

कानिफनाथ : हाय. म्हातारी झालीय. तिकडंच बंधाऱ्याच्या कामावं जाती.

चांगुणा : कानिफनाथ, जा बाबा घरी. ती वाट बघत आसंल.

शांतवन : झालं, नाथा. उठ.

चांगुणा : आन हिला कुनी तरी धरा. माझं हात आखडल्यात, हालत न्हाईत.

हॅडलीबाई : माझ्याकडे द्या.

चांगुणा : डोस्क्याखाली हात घाला, बाई. मान पडती तिची.

(त्याच संध्याकाळी, माती देऊन आल्यावर.)

कानिफनाथ : बरं झालं मास्तर, पाटील यायच्या आत माती झाली. जमीन निबार हुती, पर त्या खडीवाल्या बाया पहारी घिऊन आल्या म्हनून खड्डा खोल गेला.

शांतवन : बाईंनी खेळ बंद केलाय. पुढच्या गावांना निरोप पण गेले. मला म्हणाल्या, तुझी चूक नाही. मी म्हणालो, कुणाची आहे मग? तर हाताकडं बघत बसल्या. रडत नव्हत्या, हाताला माती तशीच होती, धुतली नव्हती.

कानिफनाथ : म्या सकाळच्या यष्टीनं जातो.

शांतवन : घाई काय? बाई म्हणाल्यात, दूधपावडरीच्या गोदामावर तुला काम देतील.

कानिफनाथ : नगं. म्या हितं दिसलो की तिला वाटत ऱ्हानार, म्या अजून त्योच.

शांतवन : तिनं तर तुझं नाव घेतलं.

कानिफनाथ : घेतलं. पर मातीवं बसली हुती तवा तिचा हात बघितलास का? पदराखाली बोटं मोजत हुती.

शांतवन : बघितलं.

कानिफनाथ : परवा चौथा दिस, ती तितं जानार. कुनाला सांगायची न्हाई. उजाडायच्या आधी जाईल आन एकलीच बसंल, त्या मातीकडं बघत.

शांतवन : मी जाईन.

कानिफनाथ : समजावत बसशील. तुझी सवय हाय.

शांतवन : नाही बसणार.

कानिफनाथ : शास्त्र सांगशील.

शांतवन : एक शब्द बोलणार नाही. तुला वचन देतो, नाथा. थोडा लांब बसेन, आणि ती घरी निघाली की मग मी निघेन.